ठोका कुणाचा मोजायचा?

१ जानेवारी २०१७ ची पहाट. भारताच्या अधिकृत घड्याळात ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद झाले, पण पुढच्या सेकंदाला साडेपाच वाजले नाहीत. मध्ये एक जादाचा सेकंद घातला गेला, ५:२९:६०. जगभरच्या घड्याळांत त्याच क्षणी तो घातला गेला. त्यानंतर आजवर असा सेकंद पुन्हा घालावा लागलेला नाही, आणि २०३५ पर्यंत ही पद्धतच थांबवायची, असा ठराव नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समध्ये भरलेल्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला आहे. दुसरीकडे जुलै-ऑगस्टच्या सुमारास बातमी येते की पृथ्वी जोरात फिरते आहे आणि अमुक तारखेचा दिवस आजवरचा सर्वांत छोटा ठरला.

हे वाचून गोंधळ होणं साहजिक आहे. पृथ्वीची एक गिरकी म्हणजे एक दिवस, असं आपण शाळेत शिकलो. मग पृथ्वी स्वतःच लवकर किंवा उशिरा कशी काय येऊ शकते? कुणाच्या तुलनेत? याचं उत्तर हवं असेल तर घड्याळ म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करावी लागेल.

घड्याळाला दोनच गोष्टी लागतात

एक म्हणजे ठोका, पुन्हा पुन्हा सारख्याच अंतरानं घडणारी एखादी गोष्ट. दुसरी म्हणजे ते ठोके मोजणारं कुणीतरी. बाकी तबकडी, काटे, पट्टा ही सगळी सजावट.

आपल्याकडचं घटिकापात्र घ्या. तांब्याची वाटी, तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढतं, वाटी जड होत जाते आणि शेवटी एक गिरकी घेतल्यासारखी होऊन बुडते. ही एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. अशा साठ घटिकांचा एक दिवस, आणि घटिकेचा साठावा भाग म्हणजे पळ, २४ सेकंदांचा. लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडायची पद्धत काही घरांतून अजून आहे. ‘घटका भरली’, ‘घटकाभर टेक’, ‘पळभरही उसंत नाही’ हे सगळे शब्द त्या वाटीतूनच आपल्या बोलण्यात आले, आणि ‘घड्याळ’मधली घडीही हीच.

इथे वाटीचं बुडणं हा ठोका आणि शेजारी बसून मोजणारा माणूस हा मोजणारा. आता यात काय काय चुकू शकतं ते बघा. पाण्यात बारीक कण असला की भोक अर्धवट बुजतं. पाणी कोमट असेल तर ते पातळ होऊन लवकर आत शिरतं, थंडीत उशीर लावतं. वर्षानुवर्षं वापरून भोक झिजतं. माणसाला डुलकी लागते. म्हणून घटिकापात्र रोज सूर्याशी ताडून बघावं लागे. खरा ठोका सूर्याचा, म्हणजेच पृथ्वीच्या गिरकीचा, आणि वाटी ही दोन ठोक्यांमधली जागा भरून काढणारी मदतनीस.

घड्याळांचा पुढचा सगळा इतिहास हा अधिक भरवशाचा ठोका शोधण्याचा इतिहास आहे.

लंबक: झोपाळ्याची शिस्त

झोपाळ्यावर बसून मोठा झोका घ्या किंवा लहान, एका फेरीला लागणारा वेळ जवळपास तेवढाच असतो. तो ठरतो दोर किती लांब यावर. गॅलिलिओला हे उमगलं होतं. त्यावरून चालतं घड्याळ बनवलं डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी, १६५६ मध्ये. त्याआधीची यांत्रिक घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकत. लंबक आला आणि चूक पंधरा सेकंदांवर उतरली. एका पिढीत साठपट सुधारणा! मला तरी घड्याळांच्या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर उडी वाटते, कारण ती एका टांगलेल्या वजनातून निघाली.

लंबक आपोआप हलत राहत नाही, थोड्या वेळात थांबतो. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण नेमक्या क्षणी हलकासा धक्का देतो, तसा धक्का घड्याळातलं एक दातेरी चाक लंबकाला देतं. लंबक प्रत्येक हेलकाव्याला त्या चाकाचा एक दात सोडतो. जो ‘टक्’ आवाज आपण ऐकतो तो दात अडल्याचा. म्हणजे धक्का देणं आणि मोजणं ही दोन्ही कामं एकाच चाकाकडे.

आमच्या आजोळी माजघरात असं एक घड्याळ होतं. आजोबा दर रविवारी स्टुलावर चढून चावी देत. घड्याळ मागे पडायला लागलं की लंबकाच्या खालचा पितळी नट ते बोटानं अर्धा फेरा फिरवत. नट फिरला की लंबकाची पितळी चकती केसभर वर सरके, लंबकाची लांबी तेवढी कमी होई आणि घड्याळ पुढे पळू लागे. वैशाख आला की नटाला हात लागायचाच. तेव्हा मला ती आजोबांची सवय वाटायची. कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. उन्हानं लोखंडी दांडा लांबतो, लांब लंबक सावकाश हलतो, आणि तापमान एका अंशानं वाढलं की घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडतं. दहा अंशांचा फरक पडला तर आठवड्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त.

लंबकाचा दुसरा दोष आणखी खोल होता. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसला नीट लावलेलं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. तिथे ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं नव्हतं. विषुववृत्तावर पृथ्वीची ओढ किंचित कमी असते, म्हणून लंबक मंदावला होता. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, या अनुमानाला त्यातून मोठं बळ मिळालं. घड्याळ पुरेसं अचूक झालं की ते वेळेखेरीज इतरही गोष्टी सांगू लागतं, त्याचं हे पहिलं मोठं उदाहरण.

समुद्रावर वेळ म्हणजे जागा

नागपुरात सूर्य डोक्यावर येतो त्यानंतर साधारण २५ मिनिटांनी तो मुंबईत डोक्यावर येतो. आता उलटा विचार करा. तुमच्याजवळ नागपूरची वेळ दाखवणारं घड्याळ आहे. तुम्ही कुठेतरी उभे आहात आणि तुमची माध्यान्ह नागपूरच्या २५ मिनिटांनंतर झाली. तर तुम्ही नागपूरच्या पश्चिमेला, मुंबईच्या रेखांशावर आहात. वेळेतल्या फरकावरून जागा कळली. भर समुद्रात खलाशांना नेमकं हेच हवं होतं, आणि तिथे लंबकाचा काही उपयोग नव्हता, कारण जहाज हललं की लंबक गोंधळतो.

१७०७ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळ चार युद्धनौका खडकांवर फुटून हजाराहून जास्त खलाशी बुडाले. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं रेखांश शोधण्याच्या उपायासाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस जाहीर केलं. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ चंद्र-ताऱ्यांत उत्तर शोधत असताना जॉन हॅरिसन नावाचा सुतार घड्याळामागे लागला. त्यानं लंबक सोडून दिला आणि ठोका स्प्रिंगवर हेलकावणाऱ्या चाकाकडे सोपवला. तापमानानं होणारी चूक सावरायला दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी बसवली. त्याचं चौथं घड्याळ तळहातावर मावेल एवढं होतं. १७६१-६२ मध्ये जमैकापर्यंतच्या ८१ दिवसांत ते जेमतेम ५ सेकंद मागे पडलं. विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक म्हणजे जागेत साधारण ४६५ मीटरची चूक, म्हणजे अडीच महिन्यांहून जास्त प्रवासानंतरही सव्वादोन-अडीच किलोमीटरच. तरीही पैशांसाठी त्याला झगडावं लागलं. उरलेली रक्कम संसदेकडून मिळाली तेव्हा त्याचं वय ८० होतं.

स्फटिक आणि मग अणू

चावीच्या मनगटी घड्याळातलं चाक सेकंदाला साधारण पाच ठोके देतं. ठोके जितके बारीक तितकी मोजणी नेमकी, जशी वीतभर पट्टीपेक्षा मिलिमीटरच्या खुणांची पट्टी बरी. १८८० मध्ये क्युरी बंधूंना दिसलं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज उत्पन्न होते. याचं उलटंही खरं आहे: वीज दिली की स्फटिक थरथरतो, आणि अतिशय नियमितपणे थरथरतो. सेलवर चालणाऱ्या तुमच्या घड्याळात असा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याचं अर्ध, त्याचंही अर्ध, असं पंधरा वेळा केलं की बरोबर १ उरतो. अर्ध करण्याचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किट सहज करतं, आणि तो उरलेला १ म्हणजे सेकंदकाट्याची एक उडी. अशी मनगटी घड्याळं डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोनं बाजारात आणली.

पण स्फटिक हा कापून घडवलेला असतो. दोन तुकडे अगदी एकसारखे होत नाहीत, आणि प्रत्येक तुकडा वयानुसार बदलतो. मग असं काय आहे जे कुठेही, कधीही, हुबेहूब सारखंच असतं? उत्तर आहे अणू. सीझियम या धातूचा पुण्यातला अणू आणि टोकियोतला अणू यांत काडीचाही फरक नसतो.

अणुघड्याळ समजायला सतारीच्या तरफा आठवा. मुख्य तारेखाली बारीक तारा असतात. वर नेमका त्यांचाच सूर वाजला की त्या न छेडता आपोआप झंकारतात. सूर जरा इकडेतिकडे झाला की गप्प. सीझियमचा अणू असाच आहे. त्याच्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या, तर एका ठरावीक कंपनसंख्येलाच तो प्रतिसाद देतो. घड्याळ लहरींचा सूर किंचित वर-खाली करत राहतं, अणूंचा झंकार सर्वांत मोठा कुठे होतो ते पाहतं आणि तिथे सूर धरून ठेवतं. मग त्या लहरींचे ठोके मोजायचे. ९,१९,२६,३१,७७० ठोके झाले की एक सेकंद. यंत्र इंग्लंडमध्ये लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी १९५५ मध्ये चालवून दाखवलं, आणि १९६७ पासून सेकंदाची जागतिक व्याख्याच हा आकडा झाली.

अणुघड्याळात किरणोत्सर्ग असतो का, असं पुष्कळजण विचारतात. नाही. घड्याळातलं सीझियम स्थिर असतं, त्यात अणू फुटत नाही. तो फक्त सूर देतो.

पृथ्वी उशिरा येते म्हणजे काय

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. १९६७ पर्यंत सेकंद आकाशाकडे पाहून ठरत होता, त्यानंतर अणूवरून. खुर्ची बदलली. हजारो वर्षं सगळी घड्याळं पृथ्वीशी ताडली जात होती. आता पृथ्वी घड्याळाशी ताडली जाऊ लागली, आणि ती चुकते आहे हे दिसलं.

चंद्रामुळे भरती-ओहोटी होते. पाण्याचा हा फुगवटा फिरत्या पृथ्वीला ब्रेकसारखा घासतो, त्यामुळे दिवस शंभर वर्षांत साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. इथे चाणाक्ष वाचक म्हणेल: शंभर वर्षांत दोन मिलिसेकंद, तर १९७२ पासून तब्बल २७ जादाचे सेकंद कशाला घालावे लागले?

शंका रास्त आहे. अणूचा सेकंद जुन्या खगोलीय नोंदींशी जुळवून ठरवला होता, त्यामुळे तो एकोणिसाव्या शतकातल्या दिवसाच्या मापाचा आहे. आजचा दिवस त्या मापापेक्षा एक-दोन मिलिसेकंदांनी मोठा भरला, तर ती तूट रोज साचते. नोकरीवर रोज दोन मिनिटं उशिरा येणाऱ्या माणसाचा एका दिवसाचा उशीर किरकोळ असतो, पण महिन्याअखेरीस तो तासभर होतो. तसंच रोजचे दोन मिलिसेकंद ५०० दिवसांत एक सेकंद होतात. मग मागे पडलेल्या पृथ्वीला गाठता यावं म्हणून घड्याळ एक सेकंद थांबवायचं. हाच लीप सेकंद.

मग पृथ्वी वेगानं फिरते ही बातमी खोटी?

तीही खरी आहे. भरती-ओहोटीचा ब्रेक हा दीर्घ पल्ल्याचा. त्यावर पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या गाभ्याच्या हालचाली आणि वारे यांचे छोटे चढउतार असतात. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा सुमारे १.६६ मिलिसेकंदांनी छोटा भरला. गेल्या काही वर्षांत पृथ्वीनं उशीर करणं थांबवल्यामुळेच २०१७ नंतर लीप सेकंद लागला नाही.

यात हवामानबदलाचाही हात आहे, पण उलट दिशेनं. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गरगर वाढते, हात ताणून लांब झाल्या की मंदावते. ध्रुवांवरचा बर्फ वितळून त्याचं पाणी विषुववृत्ताकडे पसरतं, म्हणजे वस्तुमान आसापासून लांब जातं आणि पृथ्वीची गिरकी किंचित मंदावते. माणसानं केलेल्या उष्णतेची नोंद आता दिवसाच्या लांबीत दिसते, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

एका सेकंदानं काय बिघडतं?

माणसाचं काही नाही, संगणकाचं बरंच. मिनिटात ६० सेकंद असतात हे त्याला शिकवलेलं असतं. लीप सेकंदाची सूचना जेमतेम सहा महिने आधी येते. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला रेडिट हे संकेतस्थळ बंद पडलं आणि क्वांटास या विमान कंपनीची प्रवासी नोंदणी अडकली. काही कंपन्या आता तो सेकंद दिवसभरात थोडा थोडा विरघळवतात. मग त्या काळात त्यांचं घड्याळ इतरांशी जुळत नाही. पृथ्वी अशीच वेगानं फिरत राहिली तर एक सेकंद गाळावा लागेल, आणि ते तर आजवर कधीच केलेलं नाही.

सेकंदाचे तुकडेही महत्त्वाचे असतात. फोनमधला नकाशा उपग्रहांकडून आलेल्या संदेशाला किती वेळ लागला यावरून जागा काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटर जातो. जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). पृथ्वीची ओढ वर कमी असल्यामुळे ते ४५ नी पुढे जातं आणि उपग्रहाच्या वेगामुळे ७ नी मागे पडतं. आईन्स्टाईनच्या सूत्रांनी ही दुरुस्ती केली नाही, तर चूक दिवसाला ११ किलोमीटरच्या घरात जाईल. हॅरिसनचाच हिशोब, फक्त जहाजाच्या जागी रिक्षा.

आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक प्रणालीनं हा धडा अनुभवला आहे. तिच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली. घड्याळं सोडली तर तो उपग्रह धडधाकट, पण जागा सांगण्यासाठी निरुपयोगी. त्यानंतर इस्रोनं स्वतः रुबिडियमचं अणुघड्याळ बनवलं आणि मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ उपग्रहासोबत ते अवकाशात गेलं.

लीप सेकंद बंद केला तर दुपारी रात्र होईल का?

घड्याळ आणि सूर्य यांच्यात शंभर वर्षांत साधारण मिनिटभराचं अंतर पडेल, असा अंदाज आहे. ते किती मोठं, हे मुंबईकराला सहज कळेल. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. ३९ मिनिटांची ही तफावत आपण रोज जगतो.

एकेकाळी मात्र ती साधी बाब नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईनं जोरदार विरोध केला. आमचा सूर्य आमचा, सरकारनं तो ३९ मिनिटांनी का ढकलावा, ही भावना होती, आणि गिरणी कामगारांच्या पाळीचाही प्रश्न होता. महापालिकेनं स्थानिक ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं धरून ठेवली. घड्याळ कुणाच्या ठोक्यावर चालावं, हा प्रश्न या शहरानं रस्त्यावर लढवलेला आहे.

दोन अणुघड्याळांत फरक पडला तर खरं कुणाचं?

कुणा एकाचं नाही. जगभरच्या चारशेहून अधिक अणुघड्याळांच्या नोंदी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात जातात. जास्त भरवशाच्या घड्याळाला जास्त वजन देऊन तिथे सरासरी काढली जाते, आणि कुणाचं घड्याळ किती नॅनोसेकंद चुकलं याचं पत्रक महिन्यातून एकदा निघतं. म्हणजे ‘आत्ता नक्की किती वाजले’ याचं शेवटचं उत्तर पुढच्या महिन्यात मिळतं. भारताची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. बँका, दूरसंचार, वीजवितरण आणि सरकारी व्यवहार सगळे याच वेळेवर चालावेत, यासाठीच्या नियमांचा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला.

दरम्यान सीझियमचीही खुर्ची डळमळू लागली आहे. सूक्ष्मलहरींऐवजी प्रकाशाच्या लहरी मोजणारी स्ट्रॉन्शियमसारख्या अणूंची घड्याळं त्याहून कितीतरी बारीक ठोके देतात, आणि २०३० च्या सुमारास सेकंदाची व्याख्या पुन्हा बदलण्याचा विचार चालू आहे. पण या घड्याळांची अडचण आजवरच्या कुठल्याही अडचणीसारखी नाही. पृथ्वीची ओढ वर गेलं की कमी होते आणि तिथे वेळच किंचित वेगानं सरकते. महाबळेश्वरचं घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे साडेचार मायक्रोसेकंद पुढे जातं. अमेरिकेत २०१० मध्ये एक घड्याळ ३३ सेंटीमीटर उचललं तेव्हाच हा फरक मोजता आला. २०२२ मध्ये तो एका मिलिमीटरच्या उंचीतही मोजला गेला. अशी दोन घड्याळं एकमेकांशी जुळवायची, तर आधी ती कुठल्या उंचीवरच्या टेबलावर ठेवली आहेत ते विचारावं लागतं.